"बाबा आले का गं?" विचारणाऱ्या आईवर ओरडले, आता झोप नाही

अगं ठाण्याच्या मुली,

नाव छापू नका म्हणालीस म्हणून मुलीच म्हणते, आणि ४७ ची असलीस तरी मला मुलगीच. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हिच्या आईला तीन वर्षं झाली डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू जाण्याचा आजार होऊन, असते हिच्याकडेच. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली, पण आई रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून विचारते, "बाबा आले का गं?" ही सांगते बाबा गेले, आई नव्याने रडते, दहा मिनिटांत परत तोच प्रश्न. तीन आठवड्यांपूर्वी कुकरची शिट्टी, ऑफिसचा कॉल आणि आईचा प्रश्न सगळं एकदमच आलं आणि ही किंचाळली, "मेलेत ते, किती वेळा सांगू!" आणि दंडाला धरून आईला सोफ्यावर बसवलं, दंडावर बोटं उठली. थोड्या वेळाने आईनेच हिचे डोळे पुसले आणि विचारलं, "कोण ओरडलं तुला?" तेव्हापासून हिला झोप नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डिमेन्शियाचे व्हिडिओ बघत बसते आणि मला विचारते, मी वाईट मुलगी आहे का.

नाही. पण मी नुसतं नाही म्हटलं म्हणून काय होणारे, नवरा तुझा तीन आठवडे तेच म्हणतोय ना, "सोड ना, होतं असं." लागली का झोप?

त्याचं चुकतं कुठे सांगू, तो झालेलं पुसायला बघतो आणि तुला माहितीये की ते झालंय. आईला लागलं, तुझ्या हातून लागलं. एवढं खरं आहे आणि ते तसंच राहू दे. पण त्याच्यापुढे तू जे पानभर लिहिलंयस ना, मी राक्षस आहे, मला म्हातारपणी कोणी पाणी विचारू नये, ते खरं नाही गं, ती तू स्वतःवर काढलेली भडास आहे. आता असं कर, हेच पत्र तुझ्या शेजारणीने लिहिलंय समज. पहाटे पाचला उठली, आईचा डायपर बदलला, डबे केले, लॉगिन केलं, तीनपर्यंत पोटात काही नाही आणि सातला ओरडली. तिला राक्षस म्हणशील? पोळी वाढशील आधी तिला.

माझं सांगते. सासूबाई शेवटी शेवटी मला कामाची बाई समजायच्या, "तुमचे किती पैसे झाले?" विचारायच्या. एकदा मी त्यांच्या हातातलं ताट खस्सकन ओढलं, वरण सगळं भिंतीवर. तो पिवळा डाग पुढे घराला रंग देईपर्यंत होता आणि मी रोज त्याच्यासमोर बसून जेवायचे. सासूबाई संध्याकाळीच विसरल्या होत्या. तुझी आईपण विसरली, तुलाच कोण ओरडलं म्हणून विचारत होती बिचारी.

क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ २००३ पासून याच विषयावर लिहितायत, स्वतःशी मायेने वागणं म्हणजे काय. त्यातला एक मुद्दा मला फार पटला, की आपण एकटेच असे नाही हे कळायला लागतं. तर ऐक, भारतात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांच्या घरात कोणीतरी तू आहेस, आणि त्या कोणीतरीने कधी ना कधी आवाज चढवलाय. सांगत नाहीत एवढंच.

आता प्रॉब्लेमपासून जरा लांब होण्याबद्दल. तू रात्री व्हिडिओ बघतेस ते उपाय सापडेल म्हणून. बाई, अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, त्याच्यावरही अजून बरं करणारं औषध नाही, हे कोडं तुला सोडवायचंच नाहीये. बंद कर ते. मात्र गोंधळ अचानक दोन-चार दिवसांत वाढला असेल तर लघवीचं इन्फेक्शन आहे का ते डॉक्टरांना बघायला सांग, म्हाताऱ्या माणसांत ते असंही दिसू शकतं, ताप नसला तरी. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही.

आणि डोकं तापलं की खरोखर चार पावलं मागे जा. गॅस बंद, दाराला कडी, आई बसलीये बघायचं आणि गॅलरीत जायचं. तिथे स्वतःशी बोलायचं पण "मी" म्हणून नाही, स्वतःचं नाव घेऊन. "अमुक, तू दमलीयेस, जेवली नाहीयेस." येड्यासारखं वाटेल. पण ईथन क्रॉस म्हणून मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, त्यांनी हे तपासलंय, स्वतःला नावाने हाक मारली की माणूस त्या प्रसंगाकडे जरा बाहेरून बघतो आणि शांत व्हायला मदत होते. आपल्याकडे तुका म्हणे, जनी म्हणे इतकी शतकं चालू आहे, त्यामागे हेच होतं असं नाही म्हणत मी, पण मला गंमत वाटली.

आईचा प्रश्न. तिला खरं सांगायचा हट्ट सोड. नवीन गोष्ट तिच्या डोक्यात टिकतच नाही, म्हणून प्रत्येक वेळी बाबा तिच्यासाठी आत्ताच जातात. रोज नव्याने विधवा करतेस तू तिला, नकळत. हे टोचेल, पण माहीत नव्हतं तुला, आता झालं माहीत. त्याऐवजी विचार, "वाट बघतेयस का गं? काय आणायचे बाबा येताना?" खोटं काहीच बोलली नाहीस. सांगेल ती, भजी म्हणेल, गजरा म्हणेल. संध्याकाळी लवकर दिवे लाव, तेव्हाच बेचैनी जास्त होते यांची.

एक मात्र सांगून ठेवते. परत हात उचलावासा वाटला तर एकटीने निभवू नको, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि तो भाऊ, जो व्हॉट्सॅपवर "पेशन्स ठेव ताई" लिहितो आणि खाली हात जोडतो. त्याला पेशन्स नको मागूस, पैसे माग. आठवड्यातून तीन दुपारी ब्युरोची मावशी ठेवायची आणि बिल त्याचं. आजच फोन कर, रविवारवर ढकलू नको, रविवारी तो बारापर्यंत झोपतो असं तूच लिहिलंयस. आणि गॅलरीतले ते जुने पेपर रद्दीत दे, खुर्ची मावेल एवढी जागा कर.

तुझी,
मावशी