जुना चाकू उघडून ऐका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात अडकित्त्यांबद्दल लिहिलं, आणि आलेल्या पत्रांपैकी निम्मी निघाली घडीच्या चाकूंची. बडोद्यात घरोघरी ज्याला चप्पू म्हणतात, तोच. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

शुक्रवारी बाजारात दोन पात्यांचा जुना चाकू पाहिला. विकणारा म्हणतो, "विलायती रॉजर्स आहे, शंभर वर्षांचा." हातात घेऊन बघायला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय तपासावं?
(दांडिया बाजार)

नाव शेवटी बघा. आधी चाकू उघडा, तोही सावकाश, कान देऊन. नखखाचेत (पात्यावरच्या नख अडकवायच्या खाचेत) नख घालून पातं उचललं की पाठीच्या कमानीचा, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या पोलादी पट्टीचा, जोर सारखा लागला पाहिजे, आणि पातं पूर्ण उघडताना एकच स्वच्छ "टक्" आला पाहिजे. मिटतानाही तसंच. "कर्र" आलं तर सांध्यात गंज किंवा वाळू आहे, ती निघते. आवाजच नसेल आणि पातं लोळत असेल तर कमान मेली आहे, ती परत येत नाही. काही चाकू अर्ध्यावर, काटकोनात थांबतात. तो दोष नाही, पात्याचं बूड मुद्दाम चौकोनी घडवलेलं असतं.

आता पाठीवरून नख फिरवा. पातं उघडं असताना कमान आणि दोन्ही बाजूंची पितळी अस्तरं (मुठीच्या आतले पत्रे) एका पातळीत हवीत, मिटल्यावरही हवीत. पात्याच्या बुडाला कमान जिथे जिथे टेकते ती प्रत्येक जागा कानशीने अचूक उतरवली तरच हे जमतं, आणि चाकू करणाऱ्याचा बराच वेळ इथेच जातो. मग चाकू उजेडासमोर धरा. कमान आणि अस्तराच्या मधून उजेड दिसता कामा नये.

पात्याचं टोक धरून हलवा. डावी-उजवीकडे थोडं हललं तर खिळा ढिला आहे, दुरुस्त होईल. उघड्या स्थितीत वर-खाली हललं तर बूड झिजलं आहे. असा चाकू सोडून द्या.

त्यानंतर पात्याची रुंदी. बुडाशी पातं रुंद आणि तिथून पुढे एकदम अरुंद झालं असेल, तर बाकीचं लोखंड वर्षानुवर्षं धार लावण्यात गेलं आहे. टोक मोडून पुन्हा घासलेलं असलं तर ओळखायची एक खूण आहे. बुडाच्या खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो. चाकू मिटल्यावर तो कमानीवर टेकतो आणि धार अधांतरी ठेवतो. मोडक्या पात्याचं टोक मुठीत लपवायला लोक हा उंचवटाच कानशीने उतरवतात. मग धार कमानीवर आपटते आणि तिच्यावर एक बोथट, चपटा ठिपका पडतो. तो ठिपका दिसला की विकणाऱ्याचं पुढचं बोलणं ऐकायचं कारण नाही.

नाव आता बघा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू कंपनीच्या स्पेलिंगमध्ये 'डी' असतो (Rodgers), आणि सोबत सहा टोकांची चांदणी व माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होत जाणारा क्रॉस). ही खूण १६८२ सालची आहे. नकला या कंपनीच्या उदंड झाल्या, त्यामुळे भिंग लावून ठशाचा तळ बघा. पात्यावरच्या गंजाच्या खड्ड्यांनी अक्षरं खाल्ली असतील तर ठसा जुना. अक्षरांनी खड्डे कापले असतील आणि तळ चकचकीत असेल तर ठसा काल मारलेला. राजमुकुटाशेजारी व्ही आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. जी आर असेल तर जॉर्ज राजाचा, बहुधा १९१० नंतरचा. 'स्टेनलेस' असं लिहिलेलं असेल तर १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्याच वर्षी काढलं.

अशा कंपन्यांचा माल कारखान्यातला. मग त्याला हातकाम का म्हणायचं?
(रावपुरा)

कारण कारखान्याचं नाव आणि करणारा हात वेगळे असायचे. शेफील्डमध्ये 'लिटल मेस्टर' म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर एखादी खोली भाड्याने घेऊन काम करत. एकजण पाती घडवी, दुसरा घासे, तिसरा जुळणी करी. पात्यावर ठसा मात्र माल घेणाऱ्या कंपनीचा. म्हणून जुन्या चाकूंपैकी फार थोड्यांचा खरा कर्ता आपल्याला नावाने माहीत असतो. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हा त्या परंपरेतला नावाजलेला कारागीर. रॉजर्सच्या कामगारांनी १८२२ साली त्या सालाइतक्याच, म्हणजे १,८२२ पात्यांचा एक चाकू केला, आणि पुढे सालाबरोबर त्यात पाती वाढवत गेले. वापरायला निरुपयोगी, पण सांधा बसवण्याची मस्ती म्हणून बघण्यासारखा.

हात ओळखायची जागा म्हणजे मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या, इंग्रजीत बोल्स्टर. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचं डोकं तिथे ठोकून, घासून असं एकजीव केलेलं असतं की भिंगातही कड सापडत नाही. यंत्राच्या स्वस्त मालात खिळ्याचं गोल डोकं उघडं दिसतं.

आपल्याकडच्या चाकूंत जमवण्यासारखं काय आहे?
(वाडी)

पुष्कळ आहे, आणि विलायती ठशाच्या नादात ते भंगारात जातं. बडोद्याहून सोयीचं म्हणजे कच्छ. भुजजवळच्या रेहा गावचे चप्पू आणि सुडी (आपला अडकित्ता) प्रसिद्ध आहेत. तिकडचा चाकू घेताना पितळी मुठीचे दोन्ही गाल सारख्या जाडीचे आहेत का आणि पातं मिटल्यावर बरोबर मधोमध बसतं का, एवढं बघा. पातं एका गालाला घासत असेल तर बूड वाकडं बसलं आहे.

दुसरा रामपुरी. सिनेमाने त्याची बदनामी केली आणि कारागिरी झाकली गेली. गरारीदार रामपुरीत पात्याच्या बुडाला दाते कापलेले असतात. उघडताना कमान एकेका दात्यावरून घसरते, तीच ती कटकट. दात्यांमधलं अंतर सारखं असेल तर कटकटीला ताल असतो. एखादा दाता झिजला असेल तर ताल तिथे अडखळतो आणि कानाला लगेच कळतं.

कागदपत्रांचा शौक असेल त्यांनी लहान पेनचाकू जमवावेत. दौत, बोरू आणि चाकू हा दप्तराचा एकच संच होता. बोरू तासून झिजलेल्या पात्याची धार बहुधा टोकाकडेच खाल्लेली असते.

मुलाने आजोबांचा चाकू बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) नेऊन चकचकीत करून आणला. आता जाणकार म्हणतात किंमत गेली. काळा रंग परत आणता येईल का? बाकीचे चाकू कसे साफ करावेत?
(कारेलीबाग)

रंग आणता येईल, चाकू नाही. बफ गंजाबरोबर ठशाच्या कडा, टोप्यांवरच्या बारीक रेघा आणि पात्याचे कोपरे घेऊन जातो. त्यात धार तापून निळी पडली असेल तर तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, ती धार टिकणार नाही. दुकानातल्या रसायनाने काळपटपणा आणू नका. नुसता वापरा, फळं कापा. साध्या पोलादावर वर्षभरात राखाडी झाक आपोआप धरते.

बाकीच्यांसाठी आधी एवढं ध्यानात घ्या की निळसर-राखाडी थर ठेवायचा आणि लाल काढायचा. सांध्यात रॉकेलचे चार-पाच थेंब सोडून चाकू अर्धवट उघडा ठेवा, रात्रभर. सकाळी पातं वीस-पंचवीस वेळा उघड-मीट करा आणि बाहेर येणारा काळा चिखल कापसाने टिपा. कमानीच्या खोबणीत लाकडी टूथपिक घाला, सुई किंवा पिन नको, ती अस्तरावर ओरखडे काढते. पात्यावरचा लाल गंज तेलात भिजवलेल्या चार शून्यांच्या (०००० नंबर) स्टील वूलने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. खड्ड्यातला गंज निघाला नाही तर राहू द्या, तेल लावलं की तो थांबतो. शेवटी शिलाई मशीनचं तेल, सांध्याला एक थेंब, पात्यावर बोटाने पुसट. राई आणि जवसाचं तेल हवेत चिकट होतं, खोबरेल खवट होतं, आणि दोन्हीकडे धूळ बसते.

खिळा ढिला असला तर टोपी लोखंडी ठोकळ्यावर टेकवून, शंभरेक ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीने खिळ्यावर पाच-सहा टिचक्या. दर दोन टिचक्यांनंतर पातं हलवून बघायचं. मुठीच्या हाडावर एकही घाव नको, ते तडकलं की जोडता येत नाही.

मूठ हस्तिदंती आहे की नाही, हे तापलेल्या सुईने कळतं असं ऐकलं.
(मांजलपूर)

सुई लावू नका. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असली तर ती भडकन पेट घेईल. भिंग पुरतं. हाडात बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी असते. अगदी सरळ, समांतर रेघा म्हणजे बहुधा सेल्युलॉइडची नक्कल.

आणि खरा हस्तिदंत निघाला तर आनंद करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) त्याची खरेदी-विक्री बंद आहे. जुनं आहे, आजोबांचं आहे, या सबबी चालत नाहीत. सांबरशिंगही त्याच कायद्यात येतं, तेव्हा व्यवहाराआधी वनखात्याकडे विचारा.

घरी ठेवायला परवाना लागतो का?
(प्रतापनगर)

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू मोडतात, घरगुती व शेतीकामाचे वगळून. बहुतेक खिशातले चाकू त्याच्या खूप आत असतात. मोठा रामपुरी किंवा खटक्याने उघडणारा चाकू असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. शस्त्रबंदीचे जाहीरनामे शहरात अधूनमधून निघतात, म्हणून संग्रहातला कुठलाच चाकू खिशात घालून फिरू नका. बाजारातून आणलेला चाकू कागदात गुंडाळून, बिलासकट, सरळ घरी.

दर पावसाळ्यात पितळेवर हिरवा थर येतो. चाकू चामड्याच्या पाकिटात ठेवले आहेत. यंदा एका डब्यातले सगळेच चाकू गंजले, फक्त पिवळ्या मुठीचा एक सोडून.
(अलकापुरी)

हिरव्या थराचं कारण पाकीट आहे. कमावलेल्या चामड्यातली आम्लं ओल धरली की पितळेवर चढतात. पाकीट वेगळं ठेवा, चाकू वेगळे.

डब्याचं कारण बहुतेक तो पिवळाच. मूठ सेल्युलॉइडची असणार. अंगठ्याने जोरात चोळून हुंगा, कापराचा वास येईल. आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, किंवा मुठीला बारीक चौकोनी तडे दिसले, तर ती कुजायला लागली आहे. तिच्यातून निघणारा वायू बंद डब्यातल्या शेजाऱ्यांना गंजवतो, पुढे स्वतःच्या पात्यालाही. तो चाकू आजच बाहेर काढा, हवेशीर जागी, देवघर आणि गॅसपासून दूर. बाकीच्यांना तेलाचा पुसट हात देऊन सुती कापडात एकेक गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी जेल घ्या म्हणजे ओल कधी भरली ते दिसेल. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघा. पाती मिटलेलीच ठेवा, उघडी ठेवली तर टोकं जातात.