शेफील्डच्या जुन्या घरात लाकडाचा स्टोव्ह: आधी धुराडं तपासा

ताई, इंग्लंडमधल्या शेफील्डला तुम्ही घेताय त्या शंभर वर्षांच्या विटांच्या घरात दिवाणखान्यातली फायरप्लेस बंद पडलेली आहे. तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवता येईल का, आणि पाइप एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून भिंतीतून बाहेर काढला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. स्टोव्ह जरूर बसवता येईल. तो पाइप मात्र नको. मी सोळा वर्षं या शहरात राहतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत सरपण घातलं की धूर वरच्या नळकांड्यातून बाहेर पडायचा. थोडा घरात आलाच, तर कौलांच्या फटींतून निघून जायचा. इथे खिडक्यांना दुहेरी काचा आणि दारांना रबरी पट्ट्या असतात, त्यामुळे चुकलेला धूर तुमच्याबरोबर खोलीतच राहतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही.

मी घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेला स्टोव्ह होता, दिसायला अगदी छान. पण त्याचं प्रमाणपत्र कुणाकडेच नव्हतं. पेटवायच्या आधी चिमणी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने ब्रश घातला तर जॅकडॉ या कावळ्यासारख्या पक्ष्यांच्या घरट्याच्या काटक्या बादलीभर खाली आल्या. मग त्याने चुलीच्या जागी धुराची गोळी पेटवली आणि मला म्हणाला, वर जाऊन बघा. वरच्या खोलीत मुलीच्या कपड्यांच्या कपाटामागून पांढरा धूर हळूहळू येत होता. जुन्या घरांत एकाच चिमणीत दोन-तीन धुराडी, म्हणजे धूर जाण्याच्या नळ्या, शेजारी शेजारी असतात आणि मधल्या विटांचा चुना गळून गेलेला असतो. ते कपाट बघितल्यापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: स्टोव्ह नंतर, धुराडं आधी.

1960च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या बहुतेक चिमण्यांना आतून अस्तर नसतं. तुमच्या घरात स्टेनलेस स्टीलचा लवचीक लायनर, म्हणजे अस्तराची नळी, वरून खालपर्यंत सोडावा लागेल, असंच धरून चला. फक्त लाकूड जाळणार असाल तर 316 प्रतीचा चालतो, धूर कमी करणारा कोळसाही जाळणार असाल तर 904 घ्या. व्यास साधारण 150 मिलिमीटर लागतो. धूर-नियंत्रणासाठी मान्य असलेल्या (त्याबद्दल खाली सांगतो) छोट्या स्टोव्हला 125 सुद्धा पुरतो. पण लायनर स्टोव्हच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा अरुंद कधीच घेऊ नका.

धूर वर चढतो तो नळीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते म्हणून. नळी उंच आणि उबदार असेल तेवढी ओढ जास्त. इंग्लंडच्या इमारत नियमांचं ‘जे’ हे मार्गदर्शक पुस्तक धुराड्याची किमान साडेचार मीटर उंची सुचवतं. चिमणीचं तोंड छताच्या कण्याजवळ, म्हणजे दोन उतार मिळतात त्या वरच्या रेषेजवळ, असेल तर कण्याच्या 600 मिलिमीटर वर हवं. नळीला वळण द्यावंच लागलं तर 45 अंशांपेक्षा जास्त नको. भिंतीतून काढलेला साधा पत्र्याचा पाइप जानेवारीत गारठतो. धूर आतच थंड होतो, काजळी आणि डांबर साचतं, आणि पुढे तेच डांबर पेट घेतं. बाहेरून न्यायचंच असेल तर मध्ये उष्णतारोधक थर असलेला दुहेरी भिंतीचा तयार पाइप लागतो.

स्टोव्ह मोठा घेऊ नका. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि 14ने भागा, म्हणजे ढोबळ किलोवॉट निघतात. पाच गुणिले चार गुणिले अडीचची खोली असेल तर साडेतीन-चार किलोवॉट पुरतात. आठचा घेतलात तर उकाड्यामुळे हवा कमी करून तो धुमसत ठेवाल, आणि तेच सगळ्यात जास्त काजळी करतं. शिवाय 5 किलोवॉटच्या वर गेलात की प्रत्येक जादा किलोवॉटमागे 550 चौरस मिलिमीटरची कायमची उघडी हवेची जाळी लागते. स्वयंपाकघर त्याच खोलीत असेल तर एक्झॉस्ट पंख्याचं कारागिराला आधीच सांगा. असा पंखा धूर उलट खोलीत खेचू शकतो.

कायद्याने हे काम कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारत विभागाला कळवावं लागतं, नाहीतर हेटास (अशा स्टोव्हचं काम करणाऱ्या कारागिरांची नोंदणी ठेवणारी संस्था) किंवा तशाच संस्थेत नोंदणी असलेला कारागीर ते करून स्वतः प्रमाणपत्र देतो. दुसरा मार्ग सोपा. तो कागद जपून ठेवा, घर विकताना वकील मागतोच आणि विमा कंपनीही विचारते. कारागिराने धुराड्याची माहिती लिहिलेली पाटीही घरात लावायला हवी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्याच खोलीत हवा, स्टोव्हपासून आडवा 1 ते 3 मीटरवर, छताला लावला तर भिंतीपासून किमान 300 मिलिमीटर दूर.

शेफील्ड शहराचा बहुतेक भाग धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो. लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये धुक्या-धुराने हजारो माणसं गेली, त्यातून 1956चा स्वच्छ हवा कायदा झाला, आणि ही क्षेत्रं त्याच कायद्यातून आली. तिथे लाकूड मान्य यादीतल्या स्टोव्हमध्येच जाळता येतं. चिमणीतून धूर निघाला तर 175 ते 300 पौंडांचा दंड होऊ शकतो. लाकूड कोरडं हवं, ओलावा 20 टक्क्यांपर्यंत. मे 2021पासून इंग्लंडमध्ये दुकानातल्या छोट्या पोत्यांवर ‘रेडी टू बर्न’चा शिक्का असतो, तो बघूनच घ्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ढलपी फोडून तिच्या आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरच्या सालीला नको.

घर बघायला जाल तेव्हा स्टोव्हची चौकशी करण्याआधी दलालाला विचारा की धुराडं शेवटचं कधी साफ केलं आणि त्याचा कागद आहे का. नसेल तर सौदा पक्का होण्याआधी स्वतःच्या पैशाने माणूस बोलवा आणि धुराची चाचणी करून घ्या. त्या वेळी घरातला एक जण वरच्या मजल्यावर उभा असू द्या, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.