कुणाच्या घरात?

प्रश्न : ताई, माझी आई पुण्याची, बाबा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरचे. मी पंचवीस वर्षांची, साप्पोरोत राहते. बाबांची आजी आइनू, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होती, हे मला सतरा वर्षांची झाल्यावर कळलं, तेही आत्याच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. मी ‘गोल्डन कामुय’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, वेडी फॅन आहे. त्यातले आइनू शब्द घेऊन स्टिकर काढते, त्यातल्या पात्रांसारखा पोशाख करून कॉस्प्ले करते, सगळं इन्स्टावर टाकते. परवा ‘हिन्ना हिन्ना’च्या स्टिकरखाली लिहिलं, ‘आमच्या घरात जेवताना असं म्हणतात.’ हिदाका भागातल्या एका आइनू बाईंनी खाली विचारलं, ‘कुणाच्या घरात?’ मला उत्तर देता आलं नाही. आत्या म्हणते, झाकलेलं कशाला उकरतेस? बाबा तर विषयच काढू देत नाहीत. एक अष्टमांश आइनू, अर्धी मराठी. मला हे करायचा हक्क आहे का?

उत्तर : अगं, हक्काचं नंतर बघू. आधी सांग, तुमच्या घरात कुणी ‘हिन्ना’ म्हटलंय का कधी? आई फार तर श्लोक म्हणत असेल, बाबा ‘इतादाकिमास’. म्हणजे ते वाक्य खोटं होतं, आणि त्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांना आजच उत्तर लिही, दोन ओळींचं : घरात कुणी म्हणत नाही, मी हा शब्द मांगातून शिकले, पणजी आइनू होती, तिची भाषा आमच्यापर्यंत पोचली नाही. बस्स. रडका इमोजी नको, स्पष्टीकरणं नकोत.

आता अष्टमांश. माणूस काय सोनं आहे, कॅरेटमध्ये मोजायला? होक्काइडो सरकारच्या २०१७च्या पाहणीत १३,११८ आइनू मोजले गेले. त्या मोजणीत आइनू वंशाच्या लोकांबरोबर लग्नाने किंवा दत्तक जाऊन त्या घरात राहणारेही धरतात. आणि त्या मांगातली तुझी लाडकी नायिका आशिर्पा? तिच्या वडिलांचे वडील पोलिश, आणि वडिलांची आई काराफुतोची, म्हणजे साखालिन बेटावरची, आइनू. पात्राचं मिश्र रक्त चालतं आणि स्वतःचं तेवढं खुपतं, हे काही पटत नाही बाई.

आत्याचं मात्र मला मनापासून समजतं. १८९९मध्ये जपानने आइनूंच्या ‘संरक्षणा’चा म्हणून एक कायदा केला, तो थेट १९९७मध्ये रद्द झाला. त्या काळात शाळेत मुलांना जपानीच शिकवलं, आणि वर्गात चिडवायला शब्द तयारच होता. जपानीत ‘इनू’ म्हणजे कुत्रा, ‘आ, इनू!’ एवढं ओरडलं की झालं. आइनूंच्या स्वतःच्या संघटनेने १९६१मध्ये नावातून ‘आइनू’ काढून ‘उतारी’, म्हणजे बांधव, असा शब्द घातला. जुनं नाव परत यायला २००९ उजाडलं. २०१९च्या कायद्याने त्यांना मूळ रहिवासी म्हटलं, होक्काइडोतल्या शिराओईत मोठं राष्ट्रीय संग्रहालयही उभं राहिलं. पण कायदा बदलला त्या तारखेला आत्याच्या पोटातली भीती निघून गेली, असं होतं का? तिने जे झाकलं ते तुझ्या बाबांना कुणी चिडवू नये म्हणूनही असेल. घरातले फोटो, पणजीचं नाव, गाव : यातलं काहीही तिला विचारल्याशिवाय बाहेर टाकायचं नाही. भाषा शिकायला मात्र तिच्या परवानगीची गरज नाही. या दोन गोष्टींची तू गल्लत केली आहेस.

आणि शिकणार असशील तर नीट शीक. मी मूळची मालवणची. मुंबईत कितीतरी लोकांना मालवणी ‘येते’, म्हणजे नाटकातल्या शिव्या पाठ असतात. ‘जेवलंस काय गो?’ विचारायची वेळ आली की अडतात. फॅन लोकांच्या आइनूचं तेच होतं. आशिर्पाचंच नाव घे. ‘आशिर्’ म्हणजे नवं, ‘पा’ म्हणजे वर्ष. काताकाना या जपानी लिपीत तो ‘रि’ मुद्दाम लहान आकारात लिहितात, कारण तो ‘रि’ नाहीच, नुसता ‘र्’ आहे. कितीतरी फॅन तो मोठा टंकतात आणि ‘आशिरिपा’ करून ठेवतात. आपल्याकडे रफार आहे, पाय मोडता येतो; हे अक्षर तुला देवनागरीत पहिल्या फटक्यात जमेल.

याहून मोठी गंमत पुढे आहे. जपानीत ‘वाताशिताची’ म्हटलं की समोरचा त्यात धरला की वगळला, कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. आइनूतही तसंच! सकर्मक क्रियापदाआधी ‘चि’ लागला तर आम्ही, ‘आ’ लागला तर आपण. आणि आपण जसं मोठ्यांना ‘आपण बसावं’ म्हणतो, तसं हेच ‘आपण’चं रूप तिथेही समोरच्याला मान देताना वापरतात. मांगात ‘चितातप’ म्हणत मांस बारीक ठेचतात ना? त्याची फोड ‘चि-ताता-प’ : आम्ही ठेचतो ती वस्तू. तुझ्या जपानी मैत्रिणींना जे समजावून घ्यावं लागेल, ते तुला आईच्या भाषेतून आधीच येतं. स्टिकर काढायचा तर याचा काढ की! त्यात कुणाच्या घराचा खोटा दाखला लागत नाही.

तिथल्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेने आइनू लोककथांचा ध्वनिसंग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. किमुरा किमी या आजींचा आवाज, आणि ओळीखाली शब्दाशब्दाचा अर्थ. सारू नदीकाठची बोली, म्हणजे त्या बाईंच्याच हिदाकातली. रोज दहा मिनिटं ऐक. स्टिकरखाली शब्द कुठल्या बोलीतला, कुणाकडून घेतला, हे लिहीत जा. कॉस्प्लेच्या डोक्याच्या पट्टीवरची नक्षी नेटवरून उचलू नकोस. त्याच सारू नदीकाठच्या निबुतानी गावात आजही शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून विकत घे.

आत्याकडे जाशील तेव्हा स्टिकर नेऊ नकोस, खायला काहीतरी ने. पणजीला घरात काय हाक मारायचे, एवढंच विचार. ‘फुची’ म्हणजे आजी, हे तुला माहीत आहे. तो शब्द तू तिच्या तोंडात घालू नकोस. तिने सांगितलं तर ऐकून घे, नाही सांगितलं तर चहा पी आणि घरी ये. फोन पर्समध्येच राहू दे.