लोखंडाचे चुंबकत्व कोणी तपासले?

प्रश्न : लोखंडातील चुंबकत्व बाहेरच्या क्षेत्राच्या मागे रेंगाळते, या परिणामाला ‘हिस्टेरिसिस’ हे नाव स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी दिले. त्यांचा निबंध छापण्यापूर्वी आजच्यासारखा पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून परीक्षण, झाला होता का?

उत्तर : लंडनच्या रॉयल सोसायटीत परीक्षणाची पद्धत तेव्हा रुळलेली होती, पण परीक्षण म्हणजे पडताळणी नव्हे. सोसायटीने १८३२ पासून निबंधांवर लेखी अभिप्राय मागवायला सुरुवात केली होती. यूइंग यांचा विस्तृत निबंध १८८५ साली सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात आला. ते स्वतः १८८७ मध्ये सोसायटीचे फेलो (निवडून आलेले सदस्य) झाले, त्यामुळे तोवर त्यांचे लेखन एखाद्या फेलोमार्फतच सादर होऊ शकत होते. परीक्षकांचे अभिप्राय छपाईचा निर्णय घेणाऱ्या समितीसाठी असत. तरीही १८५४ ते १८८५ या काळात चिटणीस असलेले जॉर्ज स्टोक्स त्यांतील सूचना अनेकदा पत्राने लेखकांना कळवत. त्यांचे हे काम मला फार मोलाचे वाटते.

परंतु परीक्षकासमोर कागद असतो, प्रयोगातली लोखंडी तार नसते. मऊ लोखंडाच्या तारेला मोजमाप चालू असताना हलकेच ठोकत राहिले, तर हिस्टेरिसिस जवळजवळ नाहीसा होतो, हे यूइंग यांनीच दाखवले. तार आखूड असेल तर तिच्या टोकांवरचे ध्रुव आतील क्षेत्र कमी करतात, म्हणून ती जाडीच्या शेकडो पट लांब घ्यावी लागते. तार किती लांब होती, ती तापवून मऊ केली होती का आणि आधीचे चुंबकत्व कसे काढून टाकले, हे लेखकाने नीट सांगितले आहे की नाही, एवढेच परीक्षक पाहू शकत होता.

पडताळणी घडली ती निराळ्याच वाटेने. यूइंग १८७८ ते १८८३ या काळात तोक्योत शिकवत व प्रयोग करत असताना, जर्मनीतील फ्रायबुर्गमध्ये भौतिकशास्त्रज्ञ एमिल वारबुर्ग स्वतंत्रपणे त्याच परिणामापर्यंत पोहोचले होते. चुंबकनाच्या एका आवर्तनात क्षेत्र व चुंबकत्व यांच्या आलेखावर जो बंदिस्त फास तयार होतो, त्याच्या क्षेत्रफळाइतकी ऊर्जा खर्ची पडते, हे वारबुर्ग यांनी १८८१ मध्ये ‘अनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात मांडले. तेथे छापण्याचा निर्णय संपादक घेत, आणि संपादक गुस्ताव वीडेमान स्वतः लोखंडी तारांचे चुंबकत्व व पीळ यांवर वर्षानुवर्षे काम केलेले होते. दोन नियतकालिकांच्या पद्धती इतक्या वेगळ्या असूनही दोन्ही प्रयोगशाळांतल्या लोखंडाने तोच फास काढला, आणि माझ्या मते यूइंग यांच्या निष्कर्षाला कोणत्याही अभिप्रायापेक्षा मोठा आधार त्यातूनच मिळाला.