एमएस, ईएन-८, सूत, टॅप: घरगुती वर्कशॉपसाठी हे शब्द कसे समजून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की घरामागच्या शेडमध्ये हौसेखातर छोटं वर्कशॉप थाटताय. व्हाइस आणि बेंच ड्रिल आलंय. पुण्याच्या बोहरी आळीत रॉड आणायला गेलात, तर दुकानदाराने विचारलं, "एमएस देऊ का ईएन-एट? ब्लॅक का ब्राइट? किती सुती?" आणि तुम्ही रिकाम्या हाताने परतलात. या शब्दांचा अर्थ काय आणि आधी काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी टूलरूममध्ये फिटर म्हणून सव्वीस वर्षं काढली. घरी शिकणारी मुलं येतात, त्यांचेही हेच प्रश्न असतात. शब्दांची यादी पाठ करून उपयोग होत नाही. शब्द कळतो तो वस्तू मोजून आणि कापून पाहिल्यावर.

सुरुवात "किती सुती"पासून करतो, कारण सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. चार सूत अर्धा इंच, आठ सूत एक इंच. आपल्याकडे एकाच काउंटरवर बोल्ट सुतात मागतात, ड्रिल मिलिमीटरमध्ये आणि पत्रा गेजमध्ये. गेजचा हिशेब उलटा असतो, आकडा वाढला की पत्रा पातळ: १६ गेज साधारण १.६ मिमी, २० गेज ०.९ मिमी.

मी अप्रेंटिस होतो तेव्हाची गोष्ट. एका प्लेटला एम-८चे आटे पाडले होते, म्हणजे ८ मिमी व्यासाचे, १.२५ मिमी पिचचे (पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर). डब्यातून बोल्ट उचलला, तो निघाला अडीच सुती. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. हाताला दोन्ही सारखेच लागतात. बोटांनी दोन आटे आत गेले, मग अडकला. मला वाटलं आत कचरा असेल, म्हणून पाना लावून ओढला. करकर आवाज झाला आणि अख्ख्या भोकाचे आटे गेले. आमच्या चार्जमननी, म्हणजे वरच्या सुपरवायझरनी, काही न बोलता पिच गेजचं (वेगवेगळ्या पिचचे दात असलेल्या पात्यांच्या मापकाचं) १.२५चं पातं त्या बोल्टवर ठेवलं आणि खिडकीकडे धरलं. पहिला दात बसला होता, पुढच्या प्रत्येक दातापाशी उजेडाची फट वाढत गेली होती. त्या बोल्टला इंचात १८ आटे होते, म्हणजे पिच १.४१ मिमी. शिवाय इंचातल्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या) आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. ती प्लेट पुन्हा करावी लागली. तेव्हापासून माझा नियम असा की बोल्ट नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे फिरला नाही, तर पान्याला हात लावायचा नाही. पिच गेज फार महाग नसतं, ते पहिल्याच खेपेला घ्या.

आता माल. एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. कापायला, वाकवायला, वेल्डिंगला सोपं, पण तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. ते जास्त ताकदीचं आणि काही प्रमाणात हार्डन होणारं, म्हणून शाफ्ट, पिना, स्टडसाठी वापरतात. हे ईएन नंबर ब्रिटनच्या बीएस ९७० या १९४१च्या मानकातले आहेत. तिकडे ते कधीच बदलले, आपल्या बाजारात मात्र अजून तेच चालतात. ईएन-१ए हे गंधक घातलेलं फ्री कटिंग स्टील, लेथवर (सळई फिरवून कापायच्या मशीनवर) लोण्यासारखं कापतं, पण त्याला वेल्डिंग करू नका. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचं स्टील, एक टक्का कार्बन आणि वर क्रोमियम. हार्डन केलेल्या ईएन-३१ वर साधं ड्रिल नुसतं घसरतं. भंगारातून बेअरिंगची रिंग किंवा गाडीचा जुना कमानपाटा आणून त्याला भोक पाडायचा हट्ट धरू नका, दहा ड्रिल जातील.

ब्लॅक बार गरम असताना रोल केलेला असतो, अंगावर काळी खपली, माप सैल. ब्राइट बार थंड ओढलेला, चकचकीत आणि मापाला धरून. पण ब्राइट बार ओढताना त्यात ताण कोंडलेला असतो. चपट्या ब्राइट पट्टीची एकच बाजू खोलवर काढली की पट्टी धनुष्यासारखी वाकते. सरळ राहायला हवी असेल तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढा.

माल किलोवर मिळतो, म्हणून एक हिशेब लक्षात ठेवा. गोल सळईचा मिलिमीटरमधला व्यास वर्ग करा, १६२ने भागा, की एक मीटरचं वजन किलोत येतं. २० मिमी सळई मीटरला जवळपास अडीच किलो. काट्यावर उभं राहून मनातल्या मनात करता येतं.

जुना बाजार किंवा भंगारातल्या मालावर नाव लिहिलेलं नसतं. तो ग्राइंडरला टेकवा आणि ठिणग्या बघा. हे मला फार आवडतं, शक्यतो संध्याकाळी अंधारात करा. एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळट, सरळ जातात आणि टोकाला एखाददुसरी फुटते. कार्बन जास्त असेल तर भुईनळ्यासारख्या फुटतात. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, आखूड आणि तांबूस. एमएसचा आणि जुन्या कानशीचा एकेक तुकडा तुलनेला जवळ ठेवा. संरक्षक चष्मा लावल्याशिवाय हे करू नका. ॲल्युमिनियम आणि पितळ ग्राइंडरच्या दगडाला लावू नका, दगड भरून जातो.

बीड कापताना चुरा पडतो, तेल लागत नाही, हातोडा बसला तर तडकतं. पितळही कोरडंच कापतं. ॲल्युमिनियमला रॉकेल लावा. खिडक्यांचं सेक्शन असतं ते ॲल्युमिनियम मऊ, टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) चिकटतं. दुकानात एचई-३० (त्यापेक्षा कडक जातीचं ॲल्युमिनियम) मागितलंत तर आटे चांगले निघतात.

टॅपने भोकात आत आटे पाडतात, डायने सळईवर बाहेरून. हँड टॅपच्या सेटमध्ये तीन येतात: पहिला टोकाला निमुळता, दुसरा कमी निमुळता, तिसरा बंद भोकाच्या तळापर्यंत जाणारा. भोकाचा व्यास काढायचा तर मापातून पिच वजा करा: एम-६ला ५, एम-८ला साधारण ६.८, एम-१०ला ८.५ मिमी. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, की चिप, म्हणजे कापलेला कीस, तुटते. "कट्" असं हाताला जाणवतं. ते जाणवेनासं झालं आणि हँडल स्प्रिंगसारखं परत येऊ लागलं, की थांबा, टॅप काढा, साफ करा, तेल घाला. मोडलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, तोही ड्रिलसारखाच कडक असतो.

मोजण्यासाठी ०.०२ मिमीपर्यंत मोजणारं व्हर्निअर (सरकत्या जबड्यांचं मापक) पुरे. दर वेळी जबडे मिटवून शून्य बघायचं. जुने टर्नर "दोन थाऊ काढ" म्हणतात, तो थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. बाकी गुण्या (काटकोन तपासायला), सेंटर पंच (भोकाची खूण ठोकायला), बास्टर्ड म्हणजे भरड आणि स्मूथ म्हणजे बारीक अशा दोन कानशी, हॅक्सॉ (ब्लेडचे दात मुठीपासून दूर तोंड करून) एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. ड्रिलवर किंवा लेथवर हातमोजे घालू नका, हातमोजा गुंडाळला की हात ओढला जातो. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वेल्डिंगआधी घासून जस्त काढा, शेड उघडी ठेवा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

तर पुढच्या खेपेला दुकानात एवढंच म्हणा: "पंचवीस एमएमचा ब्राइट एमएस चौकोनी बार, एक फूट." त्याचा दोन इंचाचा तुकडा कापा, कानशीने गुण्यात आणा आणि त्यात एम-६, एम-८, एम-१०च्या टॅपपेक्षा जेमतेम मोठी अशी तीन भोकं सरळ आरपार पाडा. टॅप मारताना हा ठोकळा भोकावर ठेवून त्यातून टॅप घातला, की तो तिरका जात नाही. माझा असा ठोकळा अप्रेंटिसशिपच्या दुसऱ्या वर्षी केलेला आहे आणि अजून रोज लागतो.