आराखडा मिळाला, तरी गाडी धावेल?

प्रश्न : चीनने परदेशी आराखडे घेऊन वेगवान रेल्वेगाड्या बनवल्या. आपल्यालाही आराखडे मिळाले तर पुरेल का? – वाचक, लातूर

उत्तर : नाही. २००४ मध्ये चीनने जपानच्या कावासाकी कंपनीच्या गटाकडून ६० गाड्या मागवल्या. ३ जपानमधून तयार आल्या, ६ सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि उरलेल्या ५१ चिंगताओच्या सीफांग कारखान्यात बांधल्या. एवढ्याने जुळणी येते, रचना येत नाही.

आराखड्यात डॅम्परचं (हेलकावे शोषून घेणाऱ्या भागाचं) माप असतं, तेच का निवडलं हे नसतं. चाक झिजलं की त्याच्या रुळावर टेकणाऱ्या पृष्ठभागाचा उतार बदलतो आणि वेग वाढल्यावर बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) डावी-उजवीकडे हेलकावू लागते. मग डॅम्पर बदलायचा, स्प्रिंगचा ताठपणा की चाक पुन्हा कातायचं? हे रुळावरच्या मोजणीतूनच उमगतं. म्हणून वेग ताशी ३५० किमीकडे नेताना चिनी अभियंत्यांना बोगी, डबा, वायुरोध सगळंच नव्याने तपासावं लागलं.

दुसरी अडचण खरेदीतूनच आली. बॉम्बार्डियर, आल्स्टॉम, सीमेन्स यांच्याकडूनही तंत्रज्ञान घेतल्याने चालक-कक्ष, सुटे भाग, नियंत्रण-संगणक सगळं वेगवेगळं झालं. एका जातीची गाडी दुसरीला जोडून चालवता येईना. उत्तर मिळालं ते समान मानकांवरच्या २०१७ च्या ‘फूशिंग’ गाडीत.

सर्वांत चिवट भाग विद्युत-कन्व्हर्टरमधल्या (मोटरला हवी तशी वीज देणाऱ्या यंत्रणेतल्या) आयजीबीटी चिपचा, म्हणजे मोठी वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या चिपचा. त्यासाठी चीनमधल्या चूचौच्या कंपनीने २००८ मध्ये अशा चिप बनवणाऱ्या ब्रिटनच्या डायनेक्स कंपनीचे ७५ टक्के भागभांडवल घेतलं. आमच्या मते करारात आराखड्यांइतकाच चाचणीच्या नोंदींवर आणि सॉफ्टवेअर बदलण्याच्या हक्कावर आग्रह धरायला हवा.