बोरिक ॲसिड तापवताना

परभणीच्या प्रयोगशाळेत नवा लागलास ना, मग हे आधी ऐक. बोरिक ॲसिड म्हणजे आपली कॅरमची पावडर, म्हणून तिला हलक्यात घेऊ नकोस.

मे महिन्यातलं आपलं ऊन कितीही कडक असू दे, त्यानं तिला काही होत नाही. शंभर अंशांच्या पुढं गेलं की ती पाणी सोडू लागते आणि मेटाबोरिक ॲसिड होतं. हे पाणी ओलाव्याचं नाही बरं का, रेणूतलंच मोडून निघतं. नवी पोरं इथंच चुकतात, 'पावडर वाळली' असं वहीत लिहितात. वजनच सांगतं: १० ग्रॅमचे साधारण ७.१ ग्रॅम उरतात. आणखी तापवून लालबुंद केलंस की सगळं पाणी जातं, ५.६ ग्रॅम बोरॉन ऑक्साइड राहतं, काचेसारखं. वजन त्याहून कमी भरलं तर घाबरू नकोस. वाफेबरोबर थोडं बोरिक ॲसिडही उडून जातं.

आच मात्र हळू वाढव. घाई केलीस की फसफसून बाहेर येतं. मी पहिल्यांदा चिनीमातीच्या मुशीत वितळवलं, तर ते थंड होताना असं चिकटलं की मूसच तडकली. प्लॅटिनमची मूस मिळाली तर तीच घे.

आणि निघालेली काच गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणाच्या भांड्यात, ठेव. पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतलं पाणी ओढून ती परत बोरिक ॲसिड होऊ लागते. तोंडाला मास्क लाव, धूळ नाकात जाऊ देऊ नकोस.